श्रीनगर ते कन्याकुमारी सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरायला लागला की काश्मीर ते कन्याकुमारी सायकलवर जायचं मनात असलेल्यांचे फोन आणि निरोप सुरू होतात. सायकल कुठली घ्यावी, रोज किती किलोमीटर होतील, खर्च किती, अशा प्रश्नांपासून सुरुवात होते. सकाळी किती वाजता निघायचं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या अनुभवात हा सगळा प्रवास त्या एका गोष्टीवर उभा असतो, म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत ती पुन्हा पुन्हा येईल.

रस्ता नेमका कुठला आणि अंतर किती?

सरळ वाट म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४. श्रीनगर, जम्मू, पठाणकोट, जालंधर, लुधियाना, अंबाला, दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, सिवनी, नागपूर, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळुरू, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली, कन्याकुमारी. अंतर साधारण ३,७०० किलोमीटर. शहरं टाळून बाह्यवळण घेतलं की थोडं कमी होतं, मुक्कामासाठी गावात शिरलं की वाढतं. नागपूर जवळजवळ अर्ध्यावर येतं.

महाराष्ट्रात हा रस्ता फक्त विदर्भातून जातो: मनसर, नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. नागपूरच्या जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून ‘सात नंबर’ असतो, कारण २०१० च्या फेररचनेआधी या पट्ट्याचा क्रमांक ७ होता.

राजस्थान, गुजरात, मुंबई, कोकण, गोवा आणि केरळ अशी पश्चिमेची वाटही काही जण धरतात. ती लांब पडते आणि कोकणातल्या चढ-उतारांमुळे पाय चांगलेच बोलतात, पण पहिल्या प्रवासाला मी ४४ च सुचवतो. दर वीस-तीस किलोमीटरला काही ना काही मिळतं, रस्ता चुकत नाही, आणि अडचण आलीच तर रेल्वे फार लांब नसते.

किती दिवस धरावेत?

रोज ८० ते १०० किलोमीटर आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, असा हिशेब धरला तर ४५ ते ५० दिवस. सुट्टी कमी असेल तर रोज १५० करून हे महिन्यात बसवता येतं. पण मग दुपारची उन्हं, संध्याकाळची गर्दी आणि अंधार, तिन्ही अंगावर येतात. ज्यांना महिनाच मिळतो त्यांना माझा सल्ला असा की नागपूरपर्यंत या, उरलेला अर्धा पुढच्या वर्षी करा. दोन टप्प्यांत केलेला प्रवास कुठल्याही अर्थाने कमी प्रतीचा नसतो.

पहाटे निघायचं म्हणजे किती वाजता? आणि त्याने एवढा काय फरक पडतो?

तांबडं फुटलं आणि मागून येणाऱ्याला तुम्ही नीट दिसायला लागलात, की निघायचं. त्याआधी नाही. ऑक्टोबरात उत्तरेकडे ही वेळ सहा-सव्वासहाच्या आसपास येते, दक्षिणेत थोडी अलीकडे. रात्रभर गाडी हाकलेले ट्रकचालक पहाटेच्या काळोखात पेंगुळलेले असतात, म्हणून चार-पाच वाजता बॅटरी लावून निघणं मला मान्य नाही.

आता हिशेब बघा. बोजा लादलेली सायकल सपाट रस्त्यावर ताशी १७-१८ किलोमीटर चालते. सव्वासहा ते एक म्हणजे पावणेसात तास. त्यातला दीड तास नाश्ता, चहा आणि पाणी यांत गेला तरी नव्वद किलोमीटर होतात. म्हणजे दिवसाचं काम एक वाजता संपलेलं असतं, आणि दुपार हाताशी राहते.

या दुपारीचं मोल फार आहे. ऊन सर्वांत जास्त दोन ते साडेतीनच्या दरम्यान चढतं, तेव्हा तुम्ही सावलीत असता. जमीन तापली की दहा-अकरानंतर वारा उठतो, आणि तो बऱ्याचदा समोरूनच येतो असं वाटतं. तोवर निम्म्याहून जास्त अंतर मागे पडलेलं असतं. लॉजवर दीडला पोचलं की खोली पाहून, भाव करून घेता येते. संध्याकाळी सातला दमून पोचलेला माणूस मिळेल ती घेतो. धुतलेले कपडे उन्हात वाळतात, आणि ही बाब किरकोळ नाही, कारण ओलसर चड्डी घालून बसलं की दुसऱ्या दिवशी मांड्यांना पुरळ येतं. सायकलचं काही बिघडलं असेल तर दुकान उघडं असतं. आणि गाव बघायला मिळतं. पहाटे निघून दुपारी थांबणाऱ्याला देश दिसतो, रात्री उशिरा पोचणाऱ्याला पांढरी पट्टी आणि लॉजची भिंत दिसते.

कुठल्या महिन्यात निघावं?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. काश्मीरमध्ये तेव्हा सफरचंदांचा हंगाम असतो, थंडी सोसवते, आणि मध्य भारतातला पाऊस बहुतेक संपलेला असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नागपुरात पोचाल, तेव्हा संत्र्यांचे ढीग लागलेले असतात.

अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, त्यामुळे सेलमच्या पुढे भिजण्याची तयारी ठेवावी लागते. तरीही मी हेच दिवस निवडीन. उशीर केला तर बनिहालकडे बर्फ आणि पंजाब-हरियाणात डिसेंबर-जानेवारीचं दाट धुकं, आणि धुक्यात महामार्गावर सायकल चालवण्यापेक्षा पावसात चालवलेली बरी. पावसात निदान तुम्ही दिसता.

ऑक्टोबरच्या अखेरीपासून पंजाब ते दिल्ली पट्ट्यात पराळी, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेली भाताची धाटं, जाळण्याचा धूर आणि शहरांची धूळ मिळून हवा फार वाईट होते. दम्याचा त्रास असलेल्यांनी हा पट्टा त्याआधी ओलांडावा.

उत्तरेकडून दक्षिणेला जाताना उतारच लागतो ना?

हा गैरसमज नकाशा भिंतीवर टांगल्यामुळे झाला असावा. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे आणि जम्मू ३०० मीटरच्या आसपास, हे खरं. पण मध्ये पीर पंजालची रांग आहे आणि जुन्या रस्त्याने गेलं तर पत्नीटॉप २,००० मीटरपर्यंत चढवतो. पुढे विंध्य आणि सातपुड्याचे चढ, अनंतपूरकडून बंगळुरूच्या ९०० मीटरच्या पठारावर हळूहळू चढत जाणारा लांब रस्ता, आणि धर्मपुरीनंतर तोप्पूरचा घाट. तोप्पूरला उतार आहे म्हणून खूश होऊ नका. ट्रकचे ब्रेक निकामी होऊन तिथे वारंवार अपघात होतात. डावी कड धरून, दोन्ही ब्रेक आलटून-पालटून दाबत, सावकाश उतरा.

तरी उत्तरेकडून सुरुवात करावी असंच मी म्हणेन. थंडीच्या पुढे-पुढे दक्षिणेला सरकता येतं आणि डोंगराचा अवघड भाग ताज्या पायांनी होतो.

काश्मीरचा टप्पा कसा करावा? बोगद्यांतून सायकल जाऊ देतात का?

श्रीनगर सोडल्यावर काझीगुंडपर्यंत सपाट, सुंदर रस्ता आहे. पांपोर, अवंतीपुरा, आणि पुढे संगम-हल्मुल्ला भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या विलो झाडाच्या फळ्यांचे मनोरे. क्रिकेटच्या बॅटी इथल्या कारखान्यांत बनतात. आत जाऊन बघू का, असं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

काझीगुंड-बनिहाल बोगदा साडेआठ किलोमीटरचा आहे, २०२१ पासून वापरात आहे. चेनानी-नाशरी बोगदा नऊ किलोमीटरहून थोडा जास्त, २०१७ चा. दोन्हींत सायकलला सहसा आत सोडत नाहीत, आणि सोडलं तरी धूर आणि आवाज यांमुळे जाऊ नये. पहिल्यासाठी तोंडाशी असलेल्या पोलिसांना भेटून रिकाम्या पिकअपमध्ये सायकल टाकून पार व्हायचं. दुसऱ्यासाठी जुना पत्नीटॉपचा रस्ता आहे. चढ दमवतो, पण देवदारांची सावली आहे, आता वाहतूक कमी आहे आणि उतरताना कुद गाव लागतं. तिथली तुपातली गरम मिठाई, पतीसा, खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बनिहाल ते रामबन हा दरडींचा पट्टा आहे. पाऊस झाला की रस्ता बंद होतो, कधी दिवसभर. वाहतूक पोलीस रोज रस्त्याची स्थिती जाहीर करतात, ती आदल्या संध्याकाळी पाहायची. या टप्प्यासाठी दोन दिवस जास्तीचे धरून ठेवा.

आणखी एक: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरून निघण्याआधी एक कार्ड पोस्टपेड करून घ्या.

सायकल कुठली घेऊ? बजेट फार नाही.

आहे ती दुरुस्त करा, हे माझं पहिलं उत्तर. साधी हायब्रिड किंवा पुढे सस्पेन्शन नसलेली एमटीबी (माउंटन बाईक) या रस्त्याला पुरते. बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मागच्या चाकाला ३२ किंवा ३६ आरे असावेत, कारण बोज्याने आरे मागेच तुटतात. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद असावेत. कॅरिअर बसवायला फ्रेमवर स्क्रूची भोकं असावीत. आणि गिअर इतके हलके हवेत की बोज्यासकट घाट बसून चढता यावा. कार्बनची हलकी रोडबाईक सुंदर असते, पण तिला कॅरिअर नीट लागत नाही, आणि वाटेतल्या छोट्या गावात तिचा एक भाग मिळत नाही.

सायकलपेक्षा तिच्यावरची बैठक जास्त महत्त्वाची. चांगल्या दुकानात सीटची उंची आणि हँडलचं अंतर मापून घ्या. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात किंचित वाक राहिला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघे पुढून दुखतात.

पंक्चर किती होतात?

रस्त्याच्या कडेला काय पडलंय त्यावर आहे. खिळे आणि काचा कमी, खरी शत्रू असते ती ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरमधली बारीक पोलादी तार. साइडपट्टीवर काळ्या टायरच्या चिंध्या दिसल्या की त्यांना वळसा घाला. केसाएवढी तार टायरमध्ये घुसते, ट्यूब बदलली तरी आतच राहते, आणि दहा किलोमीटरवर पुन्हा हवा जाते. म्हणून पंक्चर काढताना टायर आतून बोटांनी हळूच चाचपून बघायचा आणि तार चिमट्याने ओढून काढायची. भुवया कोरायचा चिमटा या कामाला उत्तम.

सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे चमचे, छोटा पंप, अॅलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार, एक जोडकडी, चार आरे आणि ब्रेकचे पॅड. ट्यूबला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अॅडॅप्टर जवळ ठेवा, नाहीतर महामार्गावरच्या पंक्चरवाल्याच्या नळीने हवा भरता येत नाही. चाकाची आउट (वाकडेपणा) काढायला आणि गिअरचं काम करायला लुधियाना हे योग्य ठिकाण. देशाच्या सायकल उद्योगाचं गाव आहे ते, सुटे भाग तिथे भरपूर मिळतात. पुढे नागपूर, हैदराबाद आणि बंगळुरू इथेही चांगले मिस्त्री आहेत.

किती सामान न्यावं?

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दोन पिशव्यांत, म्हणजे पॅनिअरमध्ये, मिळून दहा-बारा किलोच्या आत. पाठीवर सॅक अजिबात नको. सायकल चालवायचे कपडे दोन जोड, संध्याकाळचा एक, पातळ जॅकेट, रेनकोट, चपला, औषधं, पॉवर बँक. तंबू या रस्त्यावर लागत नाही. काश्मीरसाठी नेलेले गरम कपडे जालंधरहून पोस्टाने घरी पाठवून द्या.

तयारी किती महिने आणि कशी करायची?

तीन महिने पुरतात. आठवड्यात तीन दिवस तासभर, आणि शनिवार-रविवार लागोपाठ ७०-८० किलोमीटर. लागोपाठ हा शब्द महत्त्वाचा. एकदाच दोनशे मारण्यापेक्षा काल दमलेल्या पायांनी आज पुन्हा निघणं, ही या प्रवासाची खरी तालीम. पुणेकरांना कात्रज, खंबाटकी, पसरणी आहेत, नाशिककरांना कसारा. भरलेल्या पॅनिअरसकट चढा, आणि पहाटे उठायची सवयही याच महिन्यांत लावून घ्या.

रंगीत तालमीसाठी मी कोकणचा सागरी रस्ता सुचवतो. अलिबागहून निघायचं, आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा जेटींवरून सायकल बोटीत घालून खाड्या ओलांडत रत्नागिरीपर्यंत. तिथले छोटे पण उभे चढ सामानातलं काय अनावश्यक आहे ते दोन दिवसांत दाखवून देतात.

बसायची जागा दुखते, हात बधिर होतात. उपाय?

पहिला आठवडा थोडं दुखणारच. पॅड असलेली शॉर्ट घाला, आत दुसरं काही नाही, आणि ती रोज धुवा. सुरुवातीपासूनच व्हॅसलिन किंवा तसं मलम लावा, पुरळ उठण्याची वाट पाहू नका. मऊ, फुगीर जेल सीट पहिल्या दिवशी बरी वाटते, चौथ्या दिवशी छळते. दर वीस मिनिटांनी काही सेकंद उभं राहून चालवा. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर हँडलवर फार भार येतोय. हँडल थोडं वर घ्या, पकड बदलत राहा. गुडघ्यांसाठी जड गिअर टाळा, पाय भरभर फिरले पाहिजेत, मिनिटाला ऐंशीच्या आसपास.

खाण्याचं काय? मी शाकाहारी आहे.

शाकाहाऱ्याला हा रस्ता फार चांगला आहे. पंजाबात पराठे, दही आणि गुरुद्वारातला लंगर. मध्य प्रदेशात सकाळी सहापासून गरम पोहे-जिलबी, आणि सायकलवाल्याला याहून चांगला नाश्ता मला माहीत नाही. मुरैन्याची गजक आणि कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की खिशात ठेवायला. तेलंगणापासून खाली इडली, पोंगल आणि केळीच्या पानावरचा भात, तोही हवा तेवढा. तिरुनेलवेलीचा हलवा दिवसभराचं चालवून झाल्यावर खा, आधी नको.

नियम एवढाच: भूक लागायच्या आधी खायचं. तासाला केळं, खजूर, राजगिऱ्याची वडी असं काहीतरी पोटात जायला हवं. पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. घामाच्या दिवसांत नुसतं पाणी पीत राहिलं तर डोकं दुखतं, पेटके येतात. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. उघड्यावरची चटणी आणि कापलेली फळं मी टाळायला सांगतो, कारण पोट बिघडलं की तीन दिवस जातात.

राहायची सोय?

प्रत्येक तालुक्याच्या गावात बसस्थानकाजवळ लॉज असतात. पंजाब-हरियाणात गुरुद्वारे आहेत. तिथे डोकं झाकून आत जा, सेवेकऱ्यांना विचारा, ओळखपत्र दाखवा, आणि सकाळी निघण्याआधी जमेल ती सेवा करा. दक्षिणेत देवस्थानांच्या धर्मशाळा आहेत. सायकल खोलीत घेऊ द्याल का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. दुपारी पोचलेल्याला मालक बहुतेक हो म्हणतो.

महामार्गावर ट्रकची भीती वाटते.

वाटली पाहिजे, आणि तिचा उपयोग करून घेतला पाहिजे. चौपदरी रस्त्याला बहुतेक ठिकाणी डावीकडे साइडपट्टी असते, तीच तुमची जागा. लांब पल्ल्याच्या ट्रकपेक्षा जास्त धोका उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचा, उड्डाणपुलावर अचानक संपणाऱ्या साइडपट्टीचा, आणि डावीकडून येऊन मिळणाऱ्या सर्व्हिस रोडचा. हँडलला आरसा लावा. भडक रंगाचा परावर्तक पट्ट्यांचा अंगरखा घाला. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. हेल्मेट तर हवंच. कानात गाणी नकोत.

मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि यमुना द्रुतगती मार्ग अशा रस्त्यांवर सायकलला बंदी आहे. म्हणून दिल्ली-आग्रा जुन्या मथुरा रस्त्याने करायचं. टोलनाक्यांवर सायकलला टोल नाही, पण पाणी आणि स्वच्छतागृह मिळतं. राष्ट्रीय महामार्गावर अपघात किंवा अडचण आली तर १०३३, इतर कुठेही ११२.

एका ठिकाणी मी माझाच लवकर निघायचा नियम मोडायला सांगतो: सिवनी ते मनसर. हा पेंचच्या जंगलाचा पट्टा आहे. वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून इथे रस्ता ठिकठिकाणी उचलून घेतला आहे. पूर्ण उजाडल्यावर शिरा, मध्ये खाण्याची पिशवी उघडू नका कारण माकडं आहेत, आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडा.

कुत्री मागे लागली तर?

वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, मोठ्याने दटावा आणि चालत पुढे जा. बहुतेक वेळा तिथेच संपतं. चावलंच, किंवा नुसतं खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस तिथे मिळते. पुढचे डोस वाटेतल्या गावांत घेता येतात, कागद जपून ठेवा.

मी मुलगी आहे. एकटीने जाऊ का?

मुली एकट्याने जातात आणि पूर्ण करतात. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विशीत एकटी सायकलवर जग फिरून आली. त्या प्रवासात तिच्यावर हल्ला करून लुटण्याचा प्रसंगही आला, हे लपवायचं कारण नाही. त्यानंतरही तिने प्रवास पूर्ण केला.

काही गोष्टी मुलींना जास्त सांभाळाव्या लागतात, आणि त्या तशा लागू नयेत असं मला मनापासून वाटतं. रोजचा मुक्काम समाजमाध्यमांवर त्या दिवशी टाकू नका, दुसऱ्या दिवशी टाका. थेट ठिकाण घरच्या दोघांना फोनवर दिसत राहू द्या. खोली रस्त्याच्या बाजूची आणि आतून कडी नीट लागणारी घ्या. दुपारी पोचण्याचा फायदा तुम्हाला सर्वांत जास्त, कारण न आवडलेली जागा नाकारून पुढच्या गावाला जाण्याइतका उजेड शिल्लक असतो. पेट्रोलपंप, शाळा, ग्रामपंचायत आणि महिला बचत गटाची खानावळ या विसाव्याच्या चांगल्या जागा. पाळीच्या दिवसांत विश्रांतीचा दिवस पुढे-मागे करायला मोकळं वेळापत्रक ठेवा.

वय ५५ आहे. शक्य आहे का?

हो. या वयात माणूस वेग आवरतो आणि झोपेला किंमत देतो, आणि इथे तेच लागतं. हृदयाची तपासणी, रक्तदाब आणि साखर पाहून डॉक्टरांशी बोला. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रोजच्या श्रमाने मात्रा बदलावी लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. रोज ६०-७० किलोमीटर धरा.

वाटेत काय चुकवू नये?

प्रत्येकाची यादी वेगळी, मी मराठी माणसाला दोन ठिकाणी थांबायला सांगतोच. पहिलं पानिपत. शहरापासून थोडं आत काला अंब नावाची जागा आहे, १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचं स्मारक. त्या मैदानाचा सपाटपणा आणि तिथून दक्षिणेकडच्या घराचं अंतर सायकलवरून जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही, कारण पुढचे कित्येक दिवस तुम्ही तेच अंतर पायांनी कापत असता. दुसरं ग्वाल्हेर. शिंद्यांची राजधानी, झाशीच्या राणीची समाधी, आणि जुन्या पेठेत अजून मराठी बोलणारी घरं. तिथून झाशी सायकलवर एका मोठ्या दिवसाचं अंतर.

आणि नद्या. चंबळ, बरमानजवळ नर्मदा, मग पैनगंगा, निर्मळच्या पुढे सोनला गोदावरी, बिचुपल्लीला कृष्णा, कर्नूलला तुंगभद्रा, करूरच्या वाटेवर कावेरी. त्र्यंबकेश्वरला आणि महाबळेश्वरला उगम पाहिलेल्या नद्या तेलंगणात एवढ्या रुंद झालेल्या दिसतात तेव्हा पुलावर थांबल्यावाचून राहवत नाही. थांबा, पण सायकल कठड्याला अगदी चिकटवून.

खर्च किती येतो?

रोज साध्या लॉजला ५०० ते १,००० रुपये, खाण्या-पिण्याला ४०० ते ५००, किरकोळ १००-२००. दोघांनी खोली वाटून घेतली तर बराच कमी. सायकल, जाण्या-येण्याचा प्रवास आणि दुरुस्तीसाठी राखीव रक्कम वेगळी. रोख थोडी ठेवा, बहुतेक ठिकाणी फोनवरून पैसे देता येतात.

बीआरएम केल्या आहेत. हे त्याहून सोपं की अवघड?

वेगळं. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या सायकलफेऱ्या. त्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास अशी मर्यादा असते, म्हणजे घड्याळ मागे लागलेलं असतं. तिथली रात्र काढायची जिद्द इथे कामाची नाही, उलट ती आवरावी लागते. वेगाच्या वाटेवर आपल्या लोकांनी मोठी कामं केली आहेत: नाशिकचे महाजन बंधू २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. त्यांच्यामागे गाडी, डॉक्टर आणि मिस्त्री यांचा ताफा होता. तुमची जात दुसरी आहे: १९२३ मध्ये मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघालेल्या पारशी तरुणांची. सहा निघाले होते. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा ती पूर्ण करून १९२८ मध्ये परतले.

हिंदी बरी येते, पण दक्षिणेत भाषेचं काय?

हैदराबादपर्यंत हिंदी चालते. पुढे पाणी, जेवण, खोली, डावीकडे-उजवीकडे, किती पैसे, एवढे शब्द तेलुगू, कन्नड आणि तमिळमध्ये पाठ करा. मोडके बोललात तरी माणसं खुलतात.

घरचे नको म्हणतात.

वाद घालू नका, आखणी दाखवा. रोजची गावं, मुक्काम, विमा, तपासणीचा अहवाल, आणि रोज दुपारी दोन वाजता फोन. दोनची वेळ मुद्दाम सांगतोय. रात्रीच्या फोनची वाट पाहणाऱ्या आईचा दिवस काळजीत जातो. दुपारी ‘पोचलो’ असं कळलं की तिचाही दिवस मोकळा होतो.

मध्येच सोडावं लागलं तर?

गुडघा सुजला, ताप उतरत नाही, सलग दोन रात्री झोप नाही, यांपैकी काहीही झालं तर थांबा. मोठं स्टेशन गाठा आणि घरी या. थांबलात ते गाव लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा.

सायकल श्रीनगरला न्यायची कशी, आणि परत कशी आणायची?

पुण्याहून जम्मूतवीला झेलम एक्स्प्रेस जाते. निघण्याच्या दिवशी तीन-चार तास आधी पार्सल ऑफिसात जा, प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्राची प्रत द्या, सायकल लगेज म्हणून त्याच गाडीला बुक करा. पार्सल म्हणून स्वतंत्र पाठवली तर ती वेगळ्या गाडीने, उशिरा येऊ शकते. आरसा, दिवे, बाटल्या आणि सीटखालची पिशवी काढून घ्या, गिअरच्या भागावर पुठ्ठा बांधा, फ्रेमवर नाव, फोन आणि स्टेशन दोन ठिकाणी लिहा. डब्यात चढवताना स्वतः हजर राहा. जम्मूहून श्रीनगरला टपावर कॅरिअर असलेल्या सुमो मिळतात. वंदे भारतला सामानाचा डबा नसल्याने तिचा इथे उपयोग नाही.

परतीला पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेस आहे, तिचं आरक्षण आधी करून ठेवू नका, नाहीतर शेवटचा आठवडा त्या तारखेमागे धावण्यात जातो. मदुराईला पोचल्यावर करा, तोवर अंदाज पक्का होतो. त्या तारखेला तिकीट नसेल तर नागरकोविलहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या बघा, ते कन्याकुमारीपासून वीसेक किलोमीटरवर आहे.